रोटरी इंजिन बसले आहे असे ठरवण्यापूर्वी

रोटरी इंजिनाची गाडी सुरूच होईनाशी झाली, किंवा चालता चालता तिचा जोर अचानक निघून गेला, की "इंजिन गेले, आता खोलावेच लागेल" असा निकाल फार लवकर दिला जातो. तो कधी खरा निघतो. पण पेट्रोलने भिजलेले प्लग, थकलेला स्टार्टर किंवा निकामी झालेली इग्निशन कॉइल यांमुळे बंद पडलेले धडधाकट इंजिनही वरवर पाहता अगदी तसेच वागते. या इंजिनात व्हॉल्व्ह नसतात, पिस्टन नसतात, पिस्टनच्या रिंगाही नसतात, त्यामुळे नेहमीच्या इंजिनांवर हात बसलेल्या मेकॅनिकच्या सवयीच्या चाचण्या येथे अपुऱ्या पडतात. म्हणून माझा आग्रह असा की, प्रत्येक रोटरच्या, म्हणजे पिस्टनऐवजी आत फिरणाऱ्या त्रिकोणी भागाच्या, तिन्ही बाजूंचे कॉम्प्रेशन (आत कोंडलेली हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब) वेगवेगळे मोजल्याशिवाय इंजिन बाद ठरवू नये, आणि ते बाद ठरलेच तर कशामुळे गेले हे समजल्याशिवाय त्याच्या जागी दुसरे बसवू नये.

फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले हे इंजिन जर्मनीतील एनएसयू कंपनीने प्रथम विक्रीच्या गाडीत आणले, परंतु ते दशकानुदशके बनवत राहिली ती जपानची माझदा कंपनी. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून तिची ही वाटचाल सुरू झाली. आज दुरुस्तीसाठी समोर येणाऱ्या बहुतेक गाड्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ याच असतात. आरएक्स-७ चे उत्पादन १९७८ ते २००२ या काळात झाले, तर आरएक्स-८ ची विक्री २००३ मध्ये सुरू होऊन उत्पादन २०१२ मध्ये थांबले. पुढील विवेचन मुख्यतः या गाड्यांतील दोन रोटरांच्या १३बी इंजिनाला धरून आहे. त्याच्या प्रत्येक रोटरचे विस्थापन ६५४ घनसेंटीमीटर, म्हणजे दोहोंचे मिळून १३०८ घनसेंटीमीटर भरते.

आत नेमके काय असते

निदान समजण्यासाठी रचना डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका लंबवर्तुळासारख्या, पण मध्यभागी किंचित आत दबलेल्या पोकळीत फिरतो. ही पोकळी ज्या भागात असते त्याला रोटर हाउसिंग म्हणतात. ते ॲल्युमिनियमचे असून त्याच्या आतील पृष्ठभागावर क्रोमचा मुलामा असतो; त्याच्या दोन्ही बाजूंना बिडाची सपाट साइड हाउसिंग बसवलेली असतात आणि हे सर्व थर लांबलचक बोल्टांनी एकमेकांवर आवळलेले असतात. रोटरच्या तीन टोकांवर तीन अपेक्स सील असतात, दोन्ही सपाट अंगांवर प्रत्येक बाजूसाठी एकेक साइड सील असते, आणि जेथे ही सील एकत्र येतात तेथे बटणाच्या आकाराचे कॉर्नर सील असते. त्यांच्या आतल्या अंगाला तेल रोखणाऱ्या रिंगा असतात. थरांच्या सांध्यांत कूलंट अडवणारी रबरी सील असतात. इंजिन "बसते" तेव्हा बहुधा यांपैकीच काहीतरी झिजलेले, तुटलेले, काजळीत अडकलेले किंवा कडक झालेले असते.

आणखी एक गोष्ट पुढे वारंवार उपयोगी पडेल. रोटरचा एक पूर्ण फेरा होतो तेव्हा एक्सेंट्रिक शाफ्टचे, म्हणजे रोटर ज्याला फिरवतो त्या मुख्य दांड्याचे, तीन फेरे होतात. त्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला रोटरची एक बाजू प्लगसमोरून जाते आणि सलग तीन फेऱ्यांत तिन्ही बाजूंची हजेरी लागते.

आधी सोप्या कारणांची छाननी

सर्वांत जास्त फसवणारे कारण म्हणजे इंजिन पेट्रोलने भरून जाणे, ज्याला सगळे "फ्लड झाले" असे म्हणतात. थंड इंजिन सुरू करून गाडी दहा-वीस पावले सरकवली आणि लगेच बंद केली, की थंडीपुरते सोडलेले जादा पेट्रोल आतच राहते, सीलांवरचा तेलाचा पातळ थर धुऊन नेते आणि पुढच्या वेळी कॉम्प्रेशनच तयार होत नाही. अशा इंजिनाला स्टार्टर मारला असता ते नेहमीपेक्षा मोकळे आणि भरभर फिरते, पेट्रोलचा उग्र वास येतो, पण पेट घेत नाही. आरएक्स-८ मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण तळाशी दाबून ठेवून स्टार्टर दिल्यास पेट्रोलचा पुरवठा थांबतो, म्हणून पहिला उपाय हाच करून पाहावा. एका वेळी सुमारे दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर देऊ नये आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यावे.

तेवढ्याने भागले नाही तर पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा, इग्निशन कॉइलचे जोड सोडवावेत, चारही प्लग काढावेत आणि मग स्टार्टर देऊन आतले पेट्रोल बाहेर फेकू द्यावे. या वेळी प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा उडतो. जवळपास ठिणगी, विस्तव किंवा तापलेला दिवा असता कामा नये, आणि गाडी उघड्यावर असावी. त्यानंतर प्रत्येक रोटरच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे, परंतु ते एकदम न ओतता तीन हप्त्यांत सोडावे: थोडे सोडून पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवावा, पुन्हा थोडे सोडावे, पुन्हा एक फेरा फिरवावा. असे केले म्हणजे तिन्ही बाजूंच्या सीलांना तेल मिळते. प्लग स्वच्छ आणि कोरडे करून, शक्य असल्यास नवे घालून, इंजिन सुरू करावे. ते पेटले तर काही मिनिटे भरपूर धूर निघेल, त्याने घाबरून जाऊ नये.

महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत सील काजळीने खाचेत चिकटून बसतात आणि तिचेही कॉम्प्रेशन असेच शून्याच्या जवळ जाते. तेथे प्रत्येक कप्प्यात (रोटरच्या प्रत्येक बाजूसमोरच्या पोकळीत) थोडे तेल किंवा गंज सोडवणारे द्रव घालून एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि अधूनमधून शाफ्ट हाताने फिरवावा. सील खाचेतून सुटून हाउसिंगला टेकली, की केवळ एवढ्याने उभे राहिलेले इंजिन चालू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. ऑटोमॅटिक गिअरचे तेल वापरण्याचा प्रघातही आहे. तो उपयोगी पडतो, पण ते जळताना प्रचंड धूर होतो, म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा भाग) जागेवर असताना त्याचे प्रमाण अगदी मोजके ठेवावे.

इग्निशनकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथील बिघाड इंजिन बंद पाडून थांबत नाही, तर पुढे खरेच इंजिन मारतो. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग; दोन्ही वेगळ्या प्रकारचे असतात आणि त्यांच्या वायरी अदलाबदल झाल्यास इंजिन नीट चालत नाही. आरएक्स-८ च्या चार कॉइल कालांतराने कमजोर होतात. ठिणगी क्षीण झाली की न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो अतोनात तापतो, त्याची जाळी वितळते किंवा ढासळते, सायलेन्सरकडची वाट तुंबते आणि ती सगळी उष्णता उलट इंजिनाकडे येऊन सीलांचा घात करते. म्हणून कॉइल, प्लग आणि कन्व्हर्टर ही तिन्ही एकाच साखळीची कडी समजून एकत्र तपासावीत. कन्व्हर्टर तुंबल्याची शंका असल्यास त्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावावा. वेग वाढवताना दाब चढतच गेला तर वाट अडलेली आहे असे समजावे.

बॅटरी आणि स्टार्टर यांचा उल्लेख येथे केवळ यादी पूर्ण करण्यासाठी नाही. रोटरी इंजिन सुरू होण्यासाठी त्याला पुरेशा वेगाने फिरवावे लागते, कारण कमी वेगात सीलांमधून गळणाऱ्या हवेला जास्त वेळ मिळतो. स्टार्टर सावकाश फिरत असेल, तर चांगले इंजिनही गरम असताना सुरू होत नाही.

खऱ्या बिघाडाची लक्षणे

कॉम्प्रेशन खालावू लागल्याची पहिली खूण बहुधा गरम इंजिनावर दिसते. सकाळी गाडी पटकन सुरू होते, पण लांबचा पल्ला मारून दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. तेल तापून पातळ झालेले असते आणि सीलांची गळती ते पूर्वीसारखी झाकू शकत नाही. पुढे आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे संथ चालणे) डळमळू लागते, कमी वेगावरचा जोर घटतो आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमचे माप खाली येते.

अपेक्स सील तुटले तर असा हळूहळू उतार नसतो. एक झटका बसतो, जोर निम्म्यावर येतो आणि आयडलिंगला इंजिन लंगडत चालते. टर्बो असलेल्या आरएक्स-७ मध्ये बहुधा यामागे डेटोनेशन असते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडल्याने किंवा बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मर्यादेबाहेर गेल्याने झालेला अवेळी स्फोट. अशा वेळी गाडी तेथेच बंद करावी. सीलचा तुकडा हाउसिंगच्या क्रोमवर चरे पाडतो, एक्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बोच्या पात्यांना खोक पाडतो, आणि घरापर्यंत "कशीबशी नेऊ" म्हणून चालवलेला प्रत्येक किलोमीटर वाचू शकणारे भाग भंगारात घालतो.

धुराचा रंग वेगळे सांगतो. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सुरू करताना तो ढगासारखा निघत असेल तर तेल रोखणाऱ्या रिंगांचे रबर कडक झाले असण्याची शक्यता मोठी असते. मात्र टर्बोचे सील गेले तरी असाच धूर येतो, आणि रिंगा खराब असलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन अगदी उत्तम असू शकते. थोडे तेल जळणे हा तर या इंजिनाच्या रचनेचाच भाग आहे, कारण सीलांना वंगण मिळावे म्हणून ऑइल मीटरिंग पंप ते मुद्दाम आत सोडतो. तेलाची पातळी अजिबात कमी होत नसेल तर आनंद मानण्याऐवजी तो पंप चालतो आहे का, हे पाहावे.

पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर कूलंट आत शिरत असल्याचे सांगतो. त्याच्या जोडीला कूलंटची पातळी कारणाशिवाय घटते, इंजिन सुरू होताना काही क्षण एका रोटरवर मिसिंग होते आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात. खात्रीसाठी गार इंजिनावर कूलिंग सिस्टिमला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतकाच दाब देऊन तो रात्रभर टिकतो का ते पाहावे, आणि सकाळी प्लग काढून इंजिन फिरवावे. भोकातून कूलंटचे तुषार आले की वादच उरत नाही. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये मिसळल्यास रंग बदलणारे रसायनही मिळते आणि ते विश्वासार्ह आहे. हे सील बहुतेकदा एखाद्या वेळच्या अतितापाने जाते, कारण ॲल्युमिनियम आणि बीड उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत आणि सांध्यातील रबर त्यांच्यामध्ये चिरडले जाते. आरएक्स-८ च्या डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा फार मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिर राहतो व हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्या काट्यावर विसंबून "गाडी कधीच तापली नव्हती" असे कोणी सांगितले तर ते पुरावा म्हणून धरू नये.

तेल बदलताना फिल्टर कापून पाहिल्यास त्यात चमकणारे धातूचे कण सापडले, किंवा तेलाचा दाब घटून खालून ठोका ऐकू येऊ लागला, तर बिघाड बेअरिंगांत आहे. त्यावर कोणतीही मलमपट्टी चालत नाही.

सहा आकडे आणि फेऱ्यांचा वेग

आता मुख्य चाचणी. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणून बंद करावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही तोडलेले असावे, आणि चाचणीभर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा, म्हणजे हवेला आत येण्यास आडकाठी राहत नाही.

साधने हाताशी नसतील तर नुसत्या कानानेही बरेच कळते. एका रोटरचा प्लग काढून स्टार्टर द्यावा आणि भोकातून येणारे हवेचे फुसकारे ऐकावेत. निरोगी रोटर एकसारखे, समान जोराचे फुसकारे देतो. "फस्, फस्, फस्" अशी अखंड लय चालली तर ठीक. पण प्रत्येक तिसऱ्यालाच जोर असेल आणि मधले दोन विरून जात असतील, तर त्या रोटरचे काहीतरी बिनसले आहे. इंजिन मिनिटाला २५० फेरे फिरत असता सेकंदाला चार फुसकारे येतात, त्यामुळे कानाला पहिल्यांदा गोंधळल्यासारखे होते. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून सावकाश ऐकला की फरक स्वच्छ कळतो.

साध्या कॉम्प्रेशन गेजबद्दल एक सावधगिरी बाळगावी. त्यात दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे तो तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो आणि एक अपेक्स सील पूर्ण तुटलेले असतानाही इंजिनाला उत्तीर्ण करतो. तो व्हॉल्व्ह काढून टाकल्यास काटा प्रत्येक बाजूला एकदा उसळतो; त्या उसळ्यांची उंची अचूक नसली तरी त्या सारख्या आहेत की नाहीत हे निश्चित समजते. फोनच्या संथगती चित्रणात काट्याच्या सलग तीन उसळ्या एकामागून एक पाहता येतात आणि शंका फिटते.

पैसे गुंतवण्याचा निर्णय मात्र रोटरी इंजिनासाठीच बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक टेस्टरच्या आकड्यांवर घ्यावा. तो प्रत्येक रोटरचे तीन, म्हणजे एकूण सहा आकडे देतो आणि त्या वेळी इंजिन किती वेगाने फिरत होते तेही नोंदवतो. वेगाशिवाय हे आकडे निरर्थक आहेत, कारण स्टार्टर जितका वेगवान तितके कॉम्प्रेशन जास्त दिसते. आरएक्स-८ साठी माझदाने २५० फेऱ्यांच्या वेगाला ८३० किलोपास्कल हे नव्या इंजिनाचे माप आणि ६८० किलोपास्कल ही किमान मर्यादा ठरवली आहे. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० किलोपास्कलपेक्षा आणि दोन रोटरांमध्ये १०० किलोपास्कलपेक्षा जास्त तफावत चालत नाही. प्रत्यक्ष वेग वेगळा असेल तर सर्व्हिस मॅन्युअलमधील आलेखावरून आकडे २५० फेऱ्यांवर आणून मगच तुलना करावी. उंच ठिकाणी हवा विरळ असल्याने आकडे मुळातच खाली येतात, हेही ध्यानात ठेवावे.

आकड्यांचा आकृतिबंध वाचणे हा या कामातला सर्वांत मोलाचा भाग आहे. एका रोटरच्या दोन बाजू पडलेल्या आणि तिसरी चांगली असेल, तर त्या दोन बाजूंमधील सामाईक अपेक्स सील गेले आहे, कारण प्रत्येक अपेक्स सील दोन शेजारी कप्प्यांना अलग ठेवते. एकच बाजू पडलेली असेल तर संशय त्या बाजूच्या साइड सीलवर जातो, कारण ते फक्त तिचेच असते. तिन्ही बाजू सारख्याच खालावलेल्या आणि दोन्ही रोटरांत तसेच असेल, तर ती सर्वसाधारण झीज असते, किंवा इंजिन नुकतेच पेट्रोलने धुतले गेलेले असते. अशा वेळी वर सांगितल्याप्रमाणे तेल सोडून, ते जळून जाईपर्यंत चालवून, चाचणी पुन्हा करावी. नुसते तेल सोडून लगेच घेतलेले आकडे खोटे सुखावणारे असतात. एका रोटरच्या तिन्ही बाजू गेल्या आणि दुसरा ठणठणीत असेल, तर त्या हाउसिंगला मोठी इजा झाली असावी.

या निष्कर्षाला डोळ्यांनी पुष्टी द्यावी. खालच्या लीडिंग प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) सोडून शाफ्ट हाताने हळूहळू फिरवल्यास क्रोमवरचे चरे, सोललेला मुलामा आणि रोटरवरील खड्डे दिसतात. आरएक्स-७ च्या इंजिनात एक्झॉस्टचे द्वार रोटर हाउसिंगमध्येच असते. तेथील मॅनिफोल्ड काढला तर अपेक्स सील समोरून जाताना थेट पाहता येते आणि लाकडी काडीने हलकेच दाबून ते स्प्रिंगवर आतबाहेर होते का, हे तपासता येते. आरएक्स-८ मध्ये एक्झॉस्ट द्वारे साइड हाउसिंगमध्ये नेलेली असल्याने ही सोय नाही.

इंजिन मुळी फिरतच नसेल तर स्टार्टरने जोर लावत बसू नये. प्लग काढून, पुढच्या बोल्टला पाना लावून, ते फिरण्याच्या नेहमीच्या दिशेने हळूच फिरवून पाहावे. आत साचलेला द्रव बाहेर येऊन ते मोकळे झाले तर उत्तमच. ठराविक जागी टणक अडत असेल तर बहुधा सीलचा तुकडा अडकलेला आहे आणि तेथे थांबावे.

बाद ठरले तर

आता प्रश्न दुरुस्तीचा की बदलाचा. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालता येतो. रोटर हाउसिंगला तशी सोय नाही. क्रोम सोलले किंवा नखाला अडेल असा चरा पडला, की ते हाउसिंग बदलावे लागते किंवा विशेष कारखान्यात नव्याने मुलामा द्यावा लागतो. त्यामुळे सीलांचा संच किती पडतो यापेक्षा दोन हाउसिंग, दोन रोटर आणि तीन साइड हाउसिंग यांतील किती वाचले, यावर खर्च ठरतो. इंजिन उघडण्याआधी कोणी ठाम आकडा सांगत असेल तर त्याने सर्वांत वाईट शक्यता धरली आहे का, हे विचारून घ्यावे.

वापरलेले इंजिन घेणे मला फक्त एकाच अटीवर मान्य आहे: त्याचे सहाही आकडे फेऱ्यांच्या वेगासह लेखी मिळावेत आणि शक्यतो आपल्यासमोर घेतलेले असावेत. "कमी चाललेले आहे" हे आश्वासन रोटरीच्या बाबतीत फारसे कामाचे नाही, कारण उभ्या इंजिनातील रबर आणि गंजही तितकेच नुकसान करतात. नामांकित पुनर्निर्मात्याकडून घेतलेले, हमी असलेले इंजिन महाग पडते, पण ज्यांना गाडी रोज वापरायची आहे त्यांच्यासाठी मी तेच सुचवेन. पिस्टनचे इंजिन बसवण्याचा मार्गही काही जण पत्करतात. त्यात वायरिंग, गिअरबॉक्स आणि नोंदणीचे नियम यांचे काम इंजिनापेक्षा मोठे होते.

स्वतः उघडणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा असून अतिशय घट्ट असतो. फ्लायव्हील अडवणारे साधन आणि लांब दांडा नसेल तर सुरुवातच करू नये. पुढचा बोल्ट सोडताना इंजिन फ्लायव्हीलच्या बाजूवर उभे, म्हणजे पुढचे तोंड वर करून ठेवावे, अन्यथा आतील थ्रस्ट बेअरिंग जागेवरून घसरते आणि जोडताना चिमटून तुटते. प्रत्येक सील निघेल तसे कोणत्या रोटरचे, कोणत्या टोकाचे हे लिहून वेगळ्या कप्प्यात ठेवावे. तुटलेले सील कोठे होते हे कळले नाही तर कारणही कळत नाही. काजळी काढताना घासण्याच्या जाळीदार चकत्या वापरू नयेत, कारण त्यांतील कण तेलमार्गात राहून नव्या बेअरिंगांचा फडशा पाडतात.

मोजमापांत साइड हाउसिंगचा वाकडेपणा ०.०४ मिलिमीटरच्या आत आणि सीलांनी पाडलेली पायरी ०.१० मिलिमीटरच्या आत असावी. साइड सील आणि कॉर्नर सील यांच्यातील फट फीलर गेजने प्रत्येक जागी मोजावी. नवे साइड सील किंचित लांब येते आणि ते बारीक कानशीने घासून ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरच्या फटीला बसवावे लागते. दोन रोटर मिळून बारा सीलांचे हे काम कंटाळवाणे आहे, परंतु आरएक्स-८ सारख्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुख्यतः येथेच कमावले किंवा गमावले जाते, म्हणून या कामाला जितका वेळ लागेल तितका द्यावा. जोडताना सील जागेवर राहण्यासाठी पेट्रोलियम जेली लावावी, रबरी सील सर्व नवी वापरावीत, आणि लांब बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळावेत. शेवटी शाफ्टची मागेपुढे हालचाल डायल गेजने पाहावी, ती ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर असावी व ०.०९ च्या पुढे जाता कामा नये.

इंजिन गाडीत चढवण्यापूर्वी जुने ज्या कारणाने गेले ते कारण दूर झालेले असले पाहिजे, आणि याबाबतीत मी तडजोड सुचवणार नाही. कूलंट सील गेले असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखे आणि झाकण तपासावे. अपेक्स सील फुटले असेल तर पेट्रोल पंप, इंजेक्टर, बूस्ट आणि इसीयूची (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची) मांडणी पाहावी, तसेच टर्बोची पाती भिंगाखाली बघावीत. सर्वसाधारण झीज असेल तर ऑइल मीटरिंग पंप, त्याच्या नळ्या आणि नोझल्स यांतून तेल खरोखर पोहोचते का, हे निश्चित करावे. कॉइल आणि प्लग नवे घालावेत, कन्व्हर्टरची वाट मोकळी असावी, आणि खरे तापमान दाखवणारा वेगळा गेज बसवावा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी पेट्रोल व इग्निशन तोडून तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर द्यावा. पुढील सुमारे १५०० किलोमीटर ४००० फेऱ्यांच्या आत, ॲक्सिलरेटर पूर्ण न दाबता चालवावी, आणि पहिले तेल काहीशे किलोमीटरांतच बदलून फिल्टर कापून पाहावा. अनेक जाणकार पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात. ४० लिटरला २०० मिलिलिटरच्या आसपासचे प्रमाण रूढ आहे आणि रनिंगच्या, म्हणजे नवे इंजिन रुळवण्याच्या, या काळात तरी ते मला योग्य वाटते. सील हाउसिंगला जमत जातात तसे कॉम्प्रेशन वाढत जाते, म्हणून जोडणीनंतर लगेच घेतलेले आकडे थोडे कमी आले तरी इंजिन पुन्हा खोलण्याची घाई करू नये. रनिंग संपल्यावर गरम इंजिनावर सहा आकडे पुन्हा घ्यावेत, त्यांच्यासमोर फेऱ्यांचा वेग, तारीख आणि किलोमीटर लिहावेत, आणि दर वर्षी त्याच टेस्टरने तीच चाचणी करून नोंद पुढे चालू ठेवावी.